मोबाईल चालूच राहिला

सोयाबीनचा हंगाम आला की माझ्या मोबाईलमधली जागा संपते. पडद्यावर सारखी सूचना येते, जागा शिल्लक नाही, काहीतरी काढून टाका. मग दुपारच्या सुट्टीत ऑफिसातल्या पंख्याखाली बसून मी काढत राहते. हललेले शॉट, बोट आडवं आलेले शॉट, मध्येच घुसलेल्या कुणाच्या तरी शेळीचे शॉट. आमच्या शाळेतल्या पोरी वावरातून जे काही टिपून आणतात ते सगळं शेवटी माझ्याच मोबाईलमध्ये येऊन पडतं, कारण त्यांच्या घरचे मोबाईल संध्याकाळी बापाला हवे असतात. काढून टाकायला बसलं की निम्मं बघण्यातच जातं. यंदा मात्र मी बघत नाही. गेल्या वर्षीचं काही समोर आलं की बोट झटकन पुढे सरकवते.

नांदेडहून आम्ही पाच शिक्षक एका गाडीतून हदगावकडे अपडाऊन करतो. या दिवसांत हा रस्ता सकाळपासूनच पिवळट असतो. मळणीयंत्रांचा भुसा उडून झाडांवर, पाट्यांवर, उभ्या एसटीच्या काचांवर बसलेला असतो. काच बंद ठेवली तरी नाकाला तो वाळका, थोडासा तेलकट वास येतोच. उन्हं चढली की पिकलेल्या शेंगा आपोआप तडकतात, आणि रस्त्याकडेला गाडी थांबवली तर तो बारीक तडतडाट ऐकू येतो. मला हा आवाज ओळखायला कुणी शिकवलं नाही. मी त्याच आवाजात वाढले. माझी माय सोयाबीन कापायला जायची, आणि शाळा सुटली की मी तिच्या पाथीच्या, म्हणजे तिच्या वाट्याला आलेल्या ओळींच्या, टोकाला जाऊन बसायची.

रस्त्यावर बायांनी भरलेले टेम्पोही दिसतात. साडीवर नवऱ्याचा नाहीतर लेकाचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्याला आणि तोंडाला दस्ती बांधलेली, हातात विळा. एका गावची टोळी दुसऱ्या गावात गुत्तं, म्हणजे कापणीचं ठोक काम, घेऊन जाते. यंदाही टेम्पो जाताना दिसले. मी प्रत्येक टेम्पोत बघितलं, आणि बघत नाही असंही दाखवलं.

गेल्या वर्षी, पोळा होऊन गेल्यावर, लातूरला प्रशिक्षण लागलं. शिकवण्यात व्हिडिओचा वापर, असा विषय. प्रत्येक शाळेतून एकाचं नाव द्यायचं होतं. ज्यांची लेकरं लहान, ज्यांना बीपी, ज्यांच्या घरी कार्य, अशी सगळ्यांची नावं गळाली आणि माझं उरलं. लातूर मला नवं नव्हतं. माझं डीएड तिथंच झालं. मी हॉस्टेलला असताना माय एकदा एसटीनं भाजलेल्या शेंगांची पिशवी घेऊन आली होती. पायात स्लिपर, साडीला चिखल, कारण ती थेट वावरातूनच निघाली होती. खोलीतल्या पोरींनी विचारलं, कोण गं? मी म्हटलं, माझी माय. आणि सगळ्यांनी मिळून त्या शेंगा खाल्ल्या. प्रशिक्षणाला गेले तेव्हा त्या हॉस्टेलवरून रिक्षा गेली आणि मला ते आठवलं. तेव्हा मला लाज वाटली नव्हती. म्हणजे ती नंतर कधीतरी आली, आणि कोणत्या दाराने आली ते मला अजून नीट सांगता येत नाही. पगाराबरोबर आली असेल, फ्लॅटबरोबर आली असेल. सासूबाई एकदा पाहुण्यांसमोर म्हणाल्या, "सुजाताच्या आई अजून कामाला जातात हो," आणि लगेच विषय बदलला. त्यांनी विषय बदलला तेव्हाच मला कळलं की ही विषय बदलण्याजोगी गोष्ट आहे.

प्रशिक्षणाला महेश नावाचे उदगीरकडचे एक तरुण सर होते. काटकुळे, खांद्यावर कायम पिशवी. मोबाईल आडवा धरा, कोपर पोटाला लावा, श्वास कोंडू नका, तो हातात उतरतो. एक शॉट लांबून, एक मधून, एक जवळून. पोत्यातलं धान्य बघायला आपण मूठ भरून घेतो तसं जवळ जा, म्हणायचे. मग आम्हा चौघींच्या गटाने बसस्थानकाजवळच्या एका चहावाल्यावर फिल्म केली. निवेदन माझं. पडद्यावर ती लागली आणि माझाच आवाज ऐकून मी खुर्चीत आकसले. 'न्हाई'चं 'नाही' करायला, 'हाय'चं 'आहे' करायला माझी नोकरीची सगळी वर्षं गेली होती. मला वाटायचं आता माझं बोलणं धुऊन स्वच्छ झालं आहे. महेश सर शांतपणे म्हणाले, "मॅडम, तुम्ही बातम्या का देऊ लागलात? त्या चहावाल्याशी बोलत होतात ना, तेच छान होतं." सगळे हसले, मीही हसले. चांगलं हसणं नव्हतं ते.

पण एक गोष्ट त्यांनी शिकवली ती फार आवडली. कोणत्याही जागी गेलात की कुणीही न बोलता थोडा वेळ नुसता तिथला आवाज घ्यायचा. रिकाम्या वर्गाचाही आवाज असतो, आणि तो वेगळाच असतो. मी परत आल्यावर आठवीच्या वर्गात तेच पहिल्यांदा करून घेतलं. पोरं डोळे मिटून बसली. पंखा, खिचडी शिजायची त्या पातेल्याची खणखण, लांबून मळणीयंत्र. वर्ग अर्धा रिकामा होता. हंगामात आमच्याकडे तसाच असतो, पोरं वावरात असतात, आणि मुख्याध्यापक हजेरीपटाकडे बघून उसासे टाकतात. त्या रिकाम्या बाकांचा आवाज ऐकतानाच मला सुचलं की पोरं वावरात जात असतील तर शाळेचं कामही वावरात जाऊ दे. कापणीवर फिल्म करायची. भाषेचा प्रकल्प म्हणून.

त्यात दोन पोरी पुढे आल्या. अंकिता, पाटलांची लेक, जिच्या वडिलांचं पाटाच्या कडेला मोठं वावर आहे आणि जिला बोलल्याशिवाय करमत नाही. आणि रुबीना, जी फारशी बोलत नाही, पण मेंदी काढणारा हात असल्यामुळे जिच्या हातात मोबाईल जरासुद्धा हलत नाही. अंकिताने प्रश्न विचारायचे, रुबीनाने टिपायचं. शाळा सुटली की त्या ड्रेसवरच वावरात जायच्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला दाखवायच्या.

पहिल्या दिवसाचं बघून मी पोट धरून हसले होते. अंकिताच्याच वावरात बाहेरगावची टोळी आली होती. रुबीनाने मोबाईल वर केला आणि सगळ्या बाया काम सोडून उभ्या राहिल्या. तोंडावरची दस्ती काढली, शर्टाची गुंडी लावली, विळा पाठीमागे लपवला आणि मोबाईलकडे बघून डोळे मिचकवायला लागल्या. एक जण म्हणाली, "नाव सांगू का आधी आधारचा नंबर?" सेवा केंद्रावर कोणत्याही योजनेसाठी चेहरा टिपतात तेव्हा डोळे मिचकवायला सांगतात, नाहीतर माणूस जिवंत धरत नाहीत. आमच्याकडच्या बायांना मोबाईलचा कॅमेरा माहीत आहे तो एवढ्यासाठीच. अंकिता मागून सांगत होती, "मावशी, योजना न्हाई ही, फिल्म हाय," आणि त्या आणखी जोरात डोळे मिचकवत होत्या. ऑफिसात मी आणि दोघी पोरी, तिघीही डोळे पुसत होतो. त्याच हसण्यात पुढचा शॉट सुरू झाला, आणि पडद्यावर माझी माय आली.

निळा शर्ट माझ्या वडिलांचा. ते जाऊन बरीच वर्षं झाली, शर्ट तिनं ठेवला आहे. तीही डोळे मिचकवत होती. मिचकवता मिचकवता थांबली. तिची नजर अंकिताच्या ओढणीवर गेली. आमच्या शाळेच्या ओढणीला हिरवी किनार आहे, आणि ती मायनं माझ्या मोबाईलमधल्या फोटोंत शंभरदा बघितलेली आहे. त्या क्षणी तिचा चेहरा कसा बदलला ते मला एकटीलाच दिसलं.

अंकिताने नाव विचारलं. "गयाबाई," ती म्हणाली. काम आवडतं का विचारलं. "आवडतं म्हंजी काय गं? वावरात चार बाया असत्यात. बोलत बोलत पाथ निघती. घरी बसून काय भिताडासंगं बोलू?" आणि ती मोठ्यानं हसली. पोरीही हसल्या. मग अंकिता आपल्या यादीतला पुढचा प्रश्न विचारते, लेकरं किती.

"एक लेक हाय."

"काय करते?"

माय जरा खाली बघते. "काय करती. घरीच असती. दिली लगीन करून. शिकली न्हाई ती." मग दस्ती पुन्हा तोंडाला बांधते. "चला, पाथ ऱ्हायली माझी."

"मॅडम, ह्या आजी लई भारी बोलल्यात. ह्यांनाच मेन ठेवू," अंकिता माझ्या खांद्याशी उभी राहून म्हणत होती. मी म्हटलं, हो, ठेवू.

शिकली न्हाई ती. माझ्या दहावीच्या परीक्षेला ती मजुरी बुडवून हदगावच्या केंद्राबाहेर लिंबाच्या झाडाखाली बसून राहायची. पेपर सुटला की कसा गेला विचारायची नाही, आधी पाणी द्यायची. डीएडच्या वेळी तिनं सकाळी एका वावरात आणि दुपारनंतर दुसऱ्या वावरात काम केलं. विहारात पौर्णिमेला बाया जमल्या की तिचं एक वाक्य ठरलेलं असतं, बोलणं कशावरूनही सुरू होवो, "माझी लेक मास्तरीण हाय." आमच्या घरात दुसरी कमाई नव्हती. जमीन नव्हती, सोनं नव्हतं, मुलगा नव्हता. हे एवढं एकच तिच्याकडे होतं आणि तिनं ते, दोन पोरींच्या हिरव्या किनारी बघून, पुसून टाकलं.

मला खरं तर त्याच्या थोडं आधीचं आठवत होतं. हंगामाच्या सुरुवातीलाच एका सकाळी आमची गाडी एका टेम्पोच्या मागे अडकली होती. टेम्पोच्या मागच्या फळीला टेकून माय बसली होती. आमची नजरानजर झाली. गाडीत तेव्हा मजुरांनी भाव कसे वाढवून ठेवलेत यावर बोलणं चाललं होतं, एक सर म्हणत होते, माजलेत नुसते. मायनं ते ऐकलेलं असणं शक्यच नव्हतं. तरी तिनं दस्ती डोळ्यांपर्यंत वर ओढली आणि तोंड फिरवलं. मी तिला हाक मारली नाही. ती माझ्या वाटणीचं आधीच करून मोकळी झाली होती. मी तिला कधी 'माझ्या शाळेच्या गावात कामाला येऊ नको' म्हटलं नाही, 'ओळख दाखवू नको' तर मुळीच नाही. म्हणायची गरज पडावी एवढी ती मंद नाही.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर मी एक बहाणा शोधून काढला आणि त्याला धरून बसले. आमच्याकडे लोक सरकारी कॅमेऱ्यासमोर लेकरांची नोकरी लपवतात. लेक नोकरीला आहे कळलं तर निराधारचं मानधन बंद होईल, अशी प्रत्येकाला भीती असते. डोळे मिचकवत होती म्हणजे तिलाही योजनाच वाटली असणार. बस, एवढंच असेल. ही समजूत इतकी सोयीची होती की रविवारी मी ती घेऊनच गावाला गेले.

माय चुलीपुढं बसून वांगी भाजत होती. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "माय, कुणी व्हिडिओ काढायला आलं होतं का? योजनेचं समजून काही बोललीस का?"

"योजना कशाची," ती म्हणाली. "तुझ्या शाळेच्या पोरी हुत्या त्या. पाटलाच्या वावरात तुझी माय वाकलेली बघून उद्या तुझ्या वर्गात हसल्या असत्या." वांगं उलटं केलं. "लई गोड पोरी हायत गं. ती बारकी तर काय बोलती." मग चुलीतलं लाकूड आत सारत, "बरी दिसती का मी त्याच्यात?"

मी म्हटलं, छान दिसतेस. बहाणा माझ्या हातून गळून पडला होता. माझ्यासोबत चल, आता काम पुरे, असं म्हणावं तर ते मी दर वर्षी म्हणते आणि ती दर वर्षी म्हणते, हातपाय चालतेत तवर लेकीच्या दारात येणार न्हाई. त्या दिवशी मी तेही म्हटलं नाही. वांग्याचं भरीत खाल्लं आणि परत आले. एसटीत बसल्यावर कळलं की तिनं माझ्या पिशवीत तीळ घातले आहेत.

फिल्म जोडायला घेतली ती दिवाळीच्या सुट्टीआधी. जोडणं हे काम मला मनापासून आवडतं. मोबाईलवर कात्रीचं चित्र असतं, त्यावर बोट ठेवलं की नको ते जातं. जोड दिसू नये म्हणून वरून दुसरं चित्र टाकायचं, आवाज खालून चालू ठेवायचा. महेश सरांचीच युक्ती. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ती झाकायला आता एवढं सोपं साधन आलं आहे. मी लेकीबद्दलचा प्रश्न आणि उत्तर दोन्ही कापलं आणि जोडावर वाऱ्याने हलणाऱ्या शेंगा टाकल्या. माय भिंतीशी बोलू का म्हणते, हसते, शेंगा हलतात, आणि ती पाथीला लागते. फार सुंदर दिसत होतं. खोटंही गेलं होतं आणि मीही गेले होते.

पोरींना दाखवलं. अंकिता गप्प राहिली, हेच नवल होतं. मग तिनं रुबीनाला कोपरानं ढोसलं.

"मॅडम," रुबीना म्हणाली, "अजून एक आहे. तुम्हाला दिलं नव्हतं."

"काय?"

"त्या दिवशी मोबाईल बंद करायचा राहिला होता. हातात तसाच चालू होता."

त्यात चित्र असं काहीच नव्हतं. मोबाईल खाली लोंबत असल्याने नुसती जमीन. सोयाबीनची धसकटं, पोरींचे काळे बूट, आणि त्यांच्या समोर मायची प्लास्टिकची चप्पल, एका बाजूला तारेनं बांधलेली. वरून आवाज.

"पोरींनो, त्या नांदेडवरनं येत्यात त्या मॅडम, तुम्हाला शिकिवत्यात का?"

"हाव, वर्गशिक्षिका हायत," अंकिताचा आवाज.

"कशा हायत?"

"चांगल्या हायत. लई समजावून सांगत्यात. कधी कधी खवळत्यात."

माय हसते. "खवळती. बारकी हुती तवापासून तशीच हाय." मग काही वेळ नुसता शेंगांचा तडतडाट. चप्पल जरा पुढे सरकते. "डबा खाती का टायमाला? तिला जेवायचा लई कंटाळा. तिला म्हणावं..." आणि पुन्हा थांबते. "नगं, काय म्हणू नगा. जावा तुम्ही."

ऑफिसात आम्ही तिघीच होतो. म्हणजे पोरींना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माझ्या खांद्याशी उभी राहून अंकिता 'ह्यांनाच मेन ठेवू' म्हणाली तेव्हाही माहीत होतं. मी सांगेन म्हणून त्यांनी वाट बघितली होती, आणि मी शेंगा टाकून आणल्या. तेरा-चौदा वर्षांच्या पोरींनी मला सांभाळून घेतलं होतं. त्या वेळी मला जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलं, आणि हे मी उगीच बोलायची पद्धत म्हणून लिहीत नाही.

"हे घ्यायचं का?" अंकितानं विचारलं.

"आवाज साफ आहे," रुबीना हळूच म्हणाली.

मी म्हटलं, घ्या. शेंगांचा शॉट काढला, मायचं खोटं जसंच्या तसं परत ठेवलं आणि फिल्मच्या शेवटी ती जमीन, ते बूट, ती चप्पल जोडली. काम झाल्यावर मला इतकं हलकं वाटलं की त्या दिवशी गाडी थांबवून मी सगळ्यांना चहा पाजला. मला वाटत होतं मी फार धीराची आहे.

सुट्टी संपल्यावर पालक मेळाव्यात फिल्म दाखवली. वर्गाच्या खिडक्यांना पोती बांधून अंधार केला होता. मायला मी मुद्दाम बोलावलं. काय आहे ते सांगितलं नाही, नुसतं, तू दिसणार आहेस, ये. ती विहारात नेसते ती पांढरी साडी नेसून आली. अंकिताचे वडील दारातच उभे होते. टोळीतली मावशी म्हणून त्यांनी तिला ओळखलं, बसा म्हणाले, आणि ती पुढच्या सतरंजीवर बायांमध्ये जाऊन बसली. डोळे मिचकवणाऱ्या बाया आल्या तेव्हा वर्ग हसून हसून वेडा झाला. माय पडद्यावर आली तेव्हा ती लाजून पण ताठ बसली होती, शेजारणीला कोपर लावून दाखवत होती. मग 'शिकली न्हाई ती' आलं. तिनं वळून अंधारात मला शोधलं. डोळ्यांनी विचारलं, हे कशाला ठेवलंस? आणि मग ती जमीन आली, जिचं चित्रण झालं आहे हे तिला ठाऊकच नव्हतं.

तिचा आवाज वर्गभर घुमत होता. डबा खाती का टायमाला. लोक एकेक करून तिच्याकडे बघायला लागले, मग माझ्याकडे. पोती काढली, उजेड झाला. मी उभी राहिले आणि म्हटलं, "ही माझी माय." टाळ्या पडल्या. मुख्याध्यापकांनी डोळे पुसले. अंकिताचे वडील हात जोडून पुढे आले, "मॅडम, आम्हाला ठाऊक नव्हतं हो." मी रडत होते, आणि ते रडणं मला आवडतही होतं. माय तोंडावर पदर धरून बसली होती. तिलाही भरून आलं असेल असं मी धरून चालले.

फाट्यापर्यंत मी तिला सोडायला गेले. एसटी दिसली तेव्हा ती म्हणाली, "चप्पल लई मळकी दिसली गं." एवढंच म्हणून चढली.

लातूरच्या प्रशिक्षणात शेवटच्या तासाला महेश सर सांगत होते की ज्याला टिपलं त्याला आधी दाखवा, मग जगाला दाखवा. तेव्हा आम्ही सगळे उपस्थितीच्या दाखल्यासाठी रांगेत उभे होतो. मला ते वाक्य मेळाव्यानंतर कितीतरी दिवसांनी आठवलं. आता मी वर्गात सगळ्यात पहिल्यांदा तेच शिकवते. पोरं वहीत उतरवून घेतात.

फिल्म तालुक्याला गेली, तिथून मोबाईलवरून गावोगाव फिरली. मायच्या गावातही पोचली. आता ती दुकानात गेली की कुणीतरी म्हणतं, "काय गयाबाई, डबा खाती का टायमाला?" वाईट हेतूने कुणी म्हणत नाही. आणि यंदा हंगाम सुरू झाला तेव्हा अंकितानंच मला सांगितलं, आता ती नववीत आहे, "मॅडम, आजी येणार न्हाईत औंदा. पप्पा मुकादमाला म्हणले, मॅडमच्या आईला आपल्या वावरात वाकवायचं बरं दिसत न्हाई." शाळेच्या गावातल्या बाकीच्यांनीही तेच म्हटलं. आदरानेच म्हटलं. मुकादमाची निम्मी गुत्ती याच गावची, एका बाईसाठी कुठं टेम्पो वळवायचा, म्हणून त्यानं तिचं नावच टोळीतून कमी केलं. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "बरं झालं, बसल्या एकदाच्या." आणि सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट ही की त्यांच्या आधी, अंकिता बोलत असतानाच, माझ्याही मनात पहिल्यांदा तेच आलं होतं.

गेल्या रविवारी गेले. भर दुपारी, हंगामाच्या ऐन दिवसांत, माय घरी होती. असं मी जन्मात बघितलं नव्हतं. गल्लीत चिटपाखरू नव्हतं, सगळ्या बाया वावरात. तिनं घर सारवून काढलं होतं, भांडी घासून पालथी घातली होती, आणि करायला काही न उरल्यासारखी भिंतीला टेकून बसली होती. मी शेजारी बसले.

"माय, चुकलं माझं," मी म्हटलं. "मला वाटलं, सगळ्यांना कळावं तू माझी माय आहेस."

"चुकलं म्हणत न्हाई मी," ती म्हणाली. "पोरी चांगल्या, फिल्म बी चांगली. समदे चांगलंच म्हणत्यात." ओट्यावरचं ऊन तिच्या पायापर्यंत आलं होतं, तिनं पाय आत घेतले. "मी लपिवलं ते तुझ्यासाठी लपिवलं. तू दाखिवलं ते कुणासाठी, तेवढं सांग मला."

ती टोचून बोलत नव्हती. तिला खरंच समजून घ्यायचं होतं, आणि मी काहीतरी सांगेन म्हणून ती माझ्या तोंडाकडे बघत बसली होती.